दादाचा स्कोर

परभणीच्या एका स्कॅन सेंटरमध्ये धम्मशीला सात वर्षं मशीन चालवत होती, पण दोन हजार एकवीसच्या एप्रिलमध्ये तिला आला तेवढा वैताग कधी आला नव्हता. कोरोनाची दुसरी लाट होती. पेशंट टेबलावरून उतरायच्या आत दारातून नातेवाईक ओरडायचे, "म्याडम, स्कोर किती?" फुफ्फुसं किती बिघडली ते डॉक्टर पंचवीसपैकी आकड्यात लिहायचे, आणि लोकांनी त्या आकड्याचं भविष्यच करून टाकलं होतं.

तिचा थोरला भाऊ सिद्धोधन पाथरीला गणिताचा मास्तर. ताप येऊन एक दिवस झाला नाही तोच त्याचा फोन.

"शीले, माझा स्कॅन काढ."

"दादा, आत्ता काढून काय बी दिसायचं न्हाई. टेस्ट कर, वेगळा ऱ्हा, अन् बोटाला मशीन लावून ऑक्सिजन बघत जा."

"तू आपली सदा न कदा न्हाईच म्हण."

दुसऱ्या दिवशी ओळखीच्या डॉक्टरची चिठ्ठी घेऊन स्वारी हजर. बाहेर तीस-चाळीस माणसं ताटकळलेली, पीपीई किटच्या आत धम्मशीला घामानं निथळलेली. तिनं मुकाट्यानं त्याला टेबलावर घेतलं.

रिपोर्टात शून्य आला. त्यानं तिथंच फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला.

"दादा, हे आजचं हाय. खरा त्रास आठवडाभरानं सुरू होतो."

"मग मशीन खोटं बोलायलंय का?"

"मशीन आजचं बोलायलंय. उद्याचं त्याला काय ठावं?"

"पंचवीसपैकी शून्य! गणित मला नको शिकवू," असं म्हणून तो जीपकडं निघालासुद्धा.

तापाच्या सातव्या दिवशी सकाळी सत्यशीलावहिनीचा फोन आला. "ताई, ह्यांना जिना चढवेना. बोलताना धाप लागायलीय. मशीन बोटाला लावू देईनात. म्हणतेत, माझा शून्य हाय."

धम्मशीलाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "द्या त्याला फोन. दादा, एका श्वासात वीसपर्यंत मोज."

"काय पोरखेळ..."

"मोज म्हणते ना!"

तो मोजू लागला. आठावर दम संपला. पलीकडं बराच वेळ नुसती धाप ऐकू आली. मग वहिनीच बोलली, "ताई, आता लावून घेतलं. चौऱ्याऐंशी दाखवायलंय."

दुपारपर्यंत त्याला परभणीला आणलं. तीन दवाखाने फिरल्यावर ऑक्सिजनची खाट मिळाली. तिथं पुन्हा स्कॅन झाला. या वेळी सतरा.

आता दुसराच तमाशा. सिद्धोधननं भिंतीकडं तोंड केलं. विम्याचे कागद कुठल्या पेटीत आहेत ते वहिनीला फोनवर सांगितलं. झरीहून चुलतभाऊ पंडितचा फोन आला, "सतरा म्हणजे... समद्यांना बोलावून घ्यायचं का गं?"

"कशाला? जित्या माणसाला भेटायला?" म्हणून तिनं फोन आपटला.

ओळखीनं किट घालून ती वॉर्डात शिरली. "शून्य आला तवा गावभर मिरवलास. सतरा आला तर मरायला निघालास. इथले डॉक्टर तुझा ऑक्सिजन बघायलेत, शुगर बघायलेत, रक्त बघायलेत, अन् तू एका आकड्याला धरून बसलास! पालथा हो आधी, त्यानं ऑक्सिजन वाढतो."

तो पालथा झाला. तेरा दिवस झोपला तसाच, कधी पालथा, कधी कुशीवर. चौदाव्या दिवशी त्याला सोडलं. पाय लटपटत होते, म्हणून आठवडाभर तिच्याच घरी राहिला.

एके दुपारी जेवताना त्यानं विचारलं, "शीले, त्या दिवशी तू मला माघारी का न्हाई धाडलीस?"

तिच्या जिभेवर चांगलं खरमरीत उत्तर होतं. पण निघालं ते वेगळंच. "कटाळले होते, दादा. तुझ्यासंगं हुज्जत घालण्यापेक्षा बटण दाबणं सोपं वाटलं."

त्यानं हातातली भाकरी ताटात ठेवली. "मी ऐकलो नसतोच. दुसरीकडं जाऊन काढलो असतो."

"ते बी खरंच," ती म्हणाली. खरं होतं, पण तेवढ्यानं तिचं मन काही हलकं झालं नाही. त्याच्या ताटात अर्धी भाकरी तशीच होती. ती त्याच्यावर खेकसली, "ती संपव आधी." आणि तो मुकाट्यानं खाऊ लागला.