फौजदारीणबाई अडखळल्या

अठ्ठावन्नाव्या वर्षी कस्तुराबाई पहिल्यांदा नाटकात उभ्या राहिल्या, आणि त्याही फौजदार म्हणून. निगडीतल्या महिला मंडळाचं नाटक, हॉल खच्चून भरलेला. फक्त त्यांची थोरली बहीण केसरबाई तेवढी नव्हती. आई गेल्यावर कस्तुराबाईंना तिनंच वाढवलं होतं, आणि आता ती पाय मोडून भोसरीच्या घरात पडून होती. मोबाईलच्या पडद्यावर तिला काही दिसायचं नाही. पण घरात मोठा टीव्ही होता, जुना डीव्हीडी प्लेअर होता. म्हणून कस्तुराबाईंच्या लेकीनं, दीक्षानं, मोबाईलवर घेतलेल्या नाटकाची डिस्क बनवली आणि रविवारी दुपारी मायलेकी भोसरीला पोचल्या.

डिस्क लागली. पडद्यावर फौजदारीणबाई दंडुका उगारून ओरडल्या, "हल... हल... हलू नकोस!" आणि दंडुका हवेतच थिजला. मग चित्र धाडकन पुढं पळालं. पुढं पुढं तर ओठ आधी हलायला लागले, आवाज मागून.

"अगं माय! तोंड मिटल्यावर बोलायलीस की!" केसरबाई पोट धरून हसल्या.

कस्तुराबाईंचा चेहरा पडला. "बंद कर गं दीक्षा. हसं झालं माझं."

दीक्षाला फार वाईट वाटलं. "थांब आई, बघते," ती म्हणाली. चाकणच्या कंपनीत ती तपासणी विभागात होती. बिघाड नेमका कुठं आहे ते कळल्याशिवाय कशाला हात लावायचा नाही, ही तिची सवय. सीडीचा खण असलेला जुना लॅपटॉप तिनं सोबत आणलाच होता. त्यात डिस्क घातली. तिथंही अडखळली, म्हणजे प्लेअर निर्दोष. मोबाईलचं मूळ चित्रण लावलं, ते झकास. मग डिस्कसाठी रूपांतर केलेली फाईल लावली. तिच्यात चित्र कुठंच अडत नव्हतं, आवाज मात्र हळूहळू मागं पडत होता.

"आई, दुखणी दोन आहेत!" दीक्षा आनंदानं ओरडली. मोबाईल एका सेकंदाला कधी जास्त फ्रेम, म्हणजे चित्रं, घेतो, कधी कमी. रूपांतरात त्यामुळं चित्राची आणि आवाजाची चुकामूक झाली होती. आणि अडखळणं आलं होतं घाईनं: पाच-सहा प्रोग्रॅम उघडे ठेवून तिनं सगळ्यात जास्त वेगानं डिस्क लिहिली होती.

फ्रेमचा आकडा तिनं सेकंदाला पंचवीसवर पक्का केला आणि पुन्हा रूपांतर लावलं. मग बाकी सगळं बंद करून, कोरी डिस्क सगळ्यात कमी वेगावर लिहायला टाकली. तोवर केसरबाईंनी पलंगावरूनच हुकूम सोडून बहिणीकडून भजी तळून घेतली.

चहाबरोबर नवी डिस्क लागली.

"हलू नकोस!" फौजदारीणबाई गरजल्या. दंडुका आणि आवाज एकाच क्षणी आदळले. चोर थरथरला. केसरबाईंच्या हातातलं भजं हातातच राहिलं. पडदा पडल्यावर त्या पदरानं डोळे पुसू लागल्या.

"अक्का, आवडलं नाही का गं?" कस्तुराबाईंनी घाबरत विचारलं.

"लहानपणी पाहुणे आले की माझ्या लुगड्याआड लपायचीस तू," केसरबाई म्हणाल्या. त्यांनी बहिणीचा हात घट्ट धरला आणि दीक्षाकडं वळून दरडावलं, "बघत काय बसलीस? पुन्हा लाव. आणि शेजारच्या गिरजाबाईला हाक मार. म्हणावं, माझी बहीण फौजदार झाली, बघायला ये!"