गोदाला कोण धरणार

लांज्याच्या डॉक्टरांनी गोदाच्या घशात डोकावून हात टेकले आणि सांगितलं, रत्नागिरीला न्या, फोटो काढून घ्या. अडीच वर्षांच्या पोरीने आजीच्या बांगडीला अडकवलेली सेफ्टी पिन गिळली होती. पिन मिटलेली होती की उघडी, देव जाणे. एसटीत गोदा सगळा वेळ जनीच्या, म्हणजे तिच्या काकीच्या, मांडीवर होती. आई सगुणा पोटुशी, तिला पोर पेलवत नसे.

एक्स-रेच्या खोलीत मात्र गोदाने आकाशपाताळ एक केलं. टेबलाला पाठ टेकवेल तर शपथ. फोटो काढणारे गंगाराम वैतागले.

"कुणीतरी आत थांबून धरा हिला. दोन जिवांची बाई नको हां. ही किरणं पोटातल्या जिवाला बाधतात. खाऱ्या वाऱ्याने लोखंड गंजतं ना, तसं आतून खातात."

सगुणा मागे सरली. सासू येसूबाईंनी जनीकडे बघितलंसुद्धा नाही.

"जने, तू धर. तुला काय त्याचा?"

दहा वर्षांत मूल नाही, म्हणून हे असलं जनीच्या वाट्याला ऊठसूट यायचं. बोलणाऱ्याच्या ते गावीही नसायचं. पण या खेपेला जनीची पाळी दोन महिने चुकली होती. तिसरा सरेपर्यंत तोंडातून काढायचं नाही, दृष्ट लागते, म्हणून तिने मुंबईला नवऱ्यालाही कळवलं नव्हतं. शिवाय नुसतीच चुकली असेल तर गावभर हसं होणार.

गंगारामनी किरणं अडवायचा शिशाचा जड अंगरखा तिच्या गळ्यात घातला. तो नेमका पोटावर चिरलेला होता.

"काकी," गोदा हात पसरून रडत होती. या पोरीला जन्मापासून जनीनेच न्हाऊमाखू घातलं होतं. आत पिन रुतत असेल तर थांबायला वेळ नव्हता.

"मी नाय धरायची," ती म्हणाली. "माजी पाळी चुकलीय."

सगुणाला ते खरं वाटलं नाही. "माजी पोर जातेय आनि तुला ह्या आता सुचला?"

सुना समोर असताना सासूने कामाला हात लावावा, असं त्या घरात कधी घडलं नव्हतं. येसूबाईंनी जनीच्या गळ्यातला अंगरखा ओढून काढला, आपल्या गळ्यात घातला आणि नातीला टेबलावर घट्ट दाबून धरलं. गंगारामनी सुनांना बाहेर काढून दार लावलं. बाहेर दोघी जावा एका बाकाच्या दोन टोकांना बसल्या.

फोटोत पिन दिसली. मिटलेली होती, पोटात उतरली होती. आपोआप पडून जाईल, डॉक्टर म्हणाले.

परतीच्या एसटीत येसूबाईंनी जनीला खिडकीशी बसवलं. "आदी सांगायचा व्हता गो," एवढंच त्या पुटपुटल्या. गोदा सवयीने काकीकडे झेपावली. सगुणाने तिला मागे ओढलं, आपल्या अवघडलेल्या मांडीवर कसंबसं बसवलं आणि तोंड फिरवलं. लांजा येईपर्यंत गोदा 'काकी, काकी' करत रडत होती, आणि तिला घ्यायला हात पुढे करायची जनीची हिंमत झाली नाही.