चक्कर लपवायची नाही

इस्त्रीच्या टेबलापाशी शिंप्याची मोठी मुलगी तिसऱ्यांदा पडली, तेव्हा तिची आई आधी दुकानाचं शटर ओढायला धावली. समोरच्या दुकानदाराने पाहू नये म्हणून. मुलीला पाणी त्यानंतर मिळालं.

डॉक्टरीणबाईंनी आठवड्यापूर्वीच स्पष्ट सांगितलं होतं, "हे पित्त नाही. हिच्या हृदयाचे ठोके मधेच फार मंदावतात, मेंदूला रक्त कमी पडतं, म्हणून चक्कर येते. छातीत ठोके सांभाळणारं यंत्र बसवावं लागेल. थांबू नका."

पण रविवारी मुलाकडची मंडळी यायची होती.

"एकदा लग्न होऊ दे, मग बसव काय ते यंत्रबिंत्र," आई म्हणाली. "छातीवर व्रण दिसला तर कोण करून घेईल तुला?"

"बंद गळ्याचे कपडे शिवीन मी तिला," शिंपी चाचरत म्हणाला.

"तुम्ही गप्प बसा!"

"आणि तोवर मी मेले तर?" मुलीने विचारलं. मुलीच्या जिवापेक्षा तिचं स्थळ मोठं मानणारी अशी घरं आपल्या ओळखीत किती असतील!

आईचा बेत साधा होता. मुलीने आधीच खुर्चीत बसून राहायचं, चहा मावशीने आणायचा, म्हणजे उठायला नको न् चक्कर नको. रविवारी दुकानाच्या वरच्या घरात पाहुणे आले, चहा झाला. मुलाच्या आईने कप खाली ठेवला आणि ती म्हणाली, "पोरी, दारापर्यंत चालून दाखव बघू. पाय ठीक आहेत ना?"

मुलगी टेबल धरून सावकाश उठली.

"पाय ठणठणीत आहेत, काकू. हृदय आजारी आहे. मला चक्कर येते, ऑपरेशन करायचंय. हे लपवून मला तुमच्या घरी पाठवणार होते. आणि चालून मी दाखवणार नाही. तुमच्या मुलाला कुणी चालायला सांगितलंय का?"

पाहुणे दहा मिनिटांत गेले.

"नाक कापलंस आमचं!" आई रडायला लागली.

"नाक गेलं तर जाऊ दे. मला जगायचंय." मुलीने डॉक्टरांची चिठ्ठी पिशवीत टाकली. "मी आत्ताच दवाखान्यात भरती व्हायला चाललेय. बाबा, येताय?"

शिंप्याने बायकोकडे पाहिलं. मग चपला घातल्या आणि मुलीचा हात आपल्या खांद्यावर ठेवून तो जिना उतरू लागला.

"अहो, लोकांनी विचारलं तर काय सांगणार?" आई वरून दबक्या आवाजात म्हणाली.

"मुलीच्या हृदयाचं ऑपरेशन आहे म्हणून सांगीन!" जन्मात कधी आवाज न चढवलेला शिंपी जिन्यातून ओरडला. शेजारची दोन दारं किलकिली झाली. त्याने तेच वाक्य पुन्हा एकदा, आणखी मोठ्याने म्हटलं.