नवव्या लेव्हलचे जखमी

सासूबाई शेजारणींना सांगायच्या, "आमची सून कचेरीत जाऊन गेम खेळते," आणि शेजारणी हसायच्या. तिला त्यात हसण्यासारखं काही वाटायचं नाही. अकरा वर्षं ती तिथे तपासनीस होती. बाजारात येणारा प्रत्येक गेम आधी तिच्या टेबलावर यायचा. तो पहिल्यापासून शेवटपर्यंत खेळायचा आणि किती वर्षांच्या मुलांना चालेल ते छापील फॉर्मवर लिहायचं, हे तिचं काम. रक्त दिसतं का? मरणारा माणूस आहे का? शिव्या आहेत का? प्रत्येक प्रश्नापुढे दोन चौकोन, हो आणि नाही. दुसऱ्या तपासनीसाची खुर्ची वर्षभर रिकामी होती, त्यामुळे दोघींचं ओझं तिच्या एकटीच्या मानेवर.

त्या आठवड्यातला गेम हातात मावणाऱ्या छोट्या यंत्रावरचा होता. दूरचा ग्रह, सहा पायांचे प्राणी, किरणांची बंदूक. किरण लागला की प्राण्यातून निळा धूर निघायचा. कंपनीने 'सात वर्षांपुढील' असा शिक्का मागितला होता. दोन दिवसांत तिने आठ लेव्हल संपवल्या. सगळीकडे 'नाही'.

नवव्या लेव्हलमध्ये प्राणी लगेच मरेनात. जखमी झाले की सरपटत, बारीक आवाज काढत दगडामागे जायचे. मग दुसरा एखादा पुढे यायचा आणि त्याला ओढून न्यायला लागायचा. त्या क्षणी दोघांना मारलं तर दुप्पट पॉइंट. दुपारच्या चहाला उठताना तिच्या लक्षात आलं, की सकाळपासून ती हेच करत होती. जखमीला तसाच ठेवायचा, दुसऱ्याची वाट बघायची. कुणी शिकवलं नव्हतं. अंगठ्याला आपोआप कळलं होतं.

ती फॉर्म घेऊन मोठ्या बाईंच्या केबिनमध्ये गेली. त्यांच्या टेबलावर फायलींची थप्पी होती आणि चष्मा कपाळावर.

"घोडं कुठे अडलंय?" त्यांनी मान वर न करता विचारलं.

तिने सांगितलं.

"रक्त आहे?"

"नाही."

"माणूस मरतो?"

"नाही, मॅडम. पण वाचवायला येणाऱ्याला मारलं की बक्षीस मिळतं."

"त्याला रकाना कुठला?"

"रकानाच नाही."

मोठ्या बाईंनी चष्मा डोळ्यांवर घेतला. "अगं, किडे ते. रोज मरे त्याला कोण रडे! बरं, तुझी मुलगी नऊ वर्षांची ना? सुट्टीत तिच्या हातात दे, बघ काय करते. सोमवारी मला उत्तर हवं."

शनिवारी दुपारी मुलगी कपडे धुण्याच्या यंत्राला पाठ टेकून जमिनीवर बसली. घरात तिला सगळे भिंगरी म्हणायचे, पण गेम हातात आल्यावर ती तासभर जागची हलली नाही. आई समोर वाळलेल्या चादरींच्या घड्या घालत होती.

"आई, हा बघ," भिंगरी एकदम म्हणाली, "याला न्यायला त्याचा मित्र आला."

"मग?"

"जाऊ दे त्यांना." तिने खरंच जाऊ दिलं. आईने हातातली चादर पोटाशी धरली.

पण लेव्हल संपायला पॉइंट कमी पडले. पुन्हा सुरुवात. पुन्हा कमी. तिसऱ्या खेपेला भिंगरीने जखमीला मारलं नाही, सोडलंही नाही. ती थांबली. मित्र आला. तिने बटण दाबलं.

"थांबलं की दोघं मिळतात," ती म्हणाली. तिच्या आवाजात दुष्टपणा नव्हता. गणित सुटल्यावर पोरं बोलतात तशी ती बोलली. मग तिने वर पाहिलं. "अशी काय बघतेस? तू नाही असं केलंस?"

"केलं."

"मग?"

"मला आवडलं नाही."

"मलापण पहिल्यांदा नव्हतं आवडलं," भिंगरी म्हणाली आणि दहावी लेव्हल सुरू केली.

सोमवारी कचेरीत आईने फॉर्मवरच्या चौकोनांच्या खाली, कोऱ्या जागेत, हाताने सात ओळी लिहिल्या आणि शिक्क्यापुढे 'बारा' घातलं. मोठ्या बाईंनी त्या ओळी वाचल्या. "हे म्हणजे हात दाखवून अवलक्षण," म्हणाल्या, पण सही केली. वाद घालायचं त्राण दोघींतही नव्हतं.

तीन आठवड्यांनी कंपनीने गेम दुरुस्त करून पाठवला. तिने तो पहिल्या लेव्हलपासून पुन्हा खेळला. आता जखमी प्राणी दगडामागे सरपटत जात होते आणि तिथेच धुरात विरून जात होते. दुप्पट पॉइंट काढले होते. ओढून न्यायला येणारे प्राणीही काढून टाकले होते. तिने नववी लेव्हल दोनदा खेळून पाहिली. कुणीही कुणासाठी येत नव्हतं.

फॉर्ममध्ये हरकत घेण्यासारखं काही उरलं नव्हतं. तिने 'सात' लिहिलं.

मग ती जिना उतरून फॉर्मचे नमुने ठरवणाऱ्या विभागात गेली. नवीन रकाना सुचवायचा असेल तर तिथे अर्ज द्यावा लागे. कारकून डबा झाकत होता. तिने लिहिलं: 'जखमीला मदत करणाऱ्याला मारल्याबद्दल बक्षीस मिळते का? हो/नाही.'

कारकुनाने ते दोनदा वाचलं. "असं असतं गेममध्ये?"

"एकात होतं."

"माझी दोघं खेळत असतात दिवसभर," तो म्हणाला. "मी कधी बघितलं नाही काय खेळतात ते." त्याने अर्जावर शिक्का मारला, थप्पीत सगळ्यात वर ठेवला आणि वर्षअखेरीला बैठक असते, असं सांगितलं.