तेराव्या प्रकरणाचे टाके

मित्रांनो, मला वाचायला घेण्याआधी माझं सत्त्याण्णवावं पान उघडा आणि त्याच्या कडेवरून अलगद बोट फिरवा. बारीक बारीक भोकं लागतील, मुंग्यांनी रांग धरावी तशी. कसर लागली असेल म्हणून नाक मुरडू नका. ती सुईची भोकं आहेत. मी एक जुनी कादंबरी आहे, तुमच्याच वयाच्या मुलामुलींसाठी लिहिलेली, आणि माझ्या अंगावर आजवर दोनदा सुई चालली. पहिल्यांदा चालली तेव्हा मी जन्मले. दुसऱ्यांदा चालली ती गोष्ट मला सांगायची आहे.

माझा जन्म छापखान्यामागच्या खोलीतला. एका मोठ्या तावावर माझी सोळा पानं छापली जायची, काही सरळ, काही डोक्यावर उभी. दोन बायका फरशीवर मांडी घालून ते ताव दुमडायच्या. एक घडी, दुसरी, तिसरी, की डोक्यावर उभी असलेली पानं शहाण्यासारखी सरळ व्हायची. मग सुईदोऱ्यानं सगळे ताव पाठीत एकत्र शिवायचे. हात चालला की तोंडही चालायचं:

पहिली माझी घडी गं, घडीमंदी पान
पानात बसली लेक, तिला गोष्टीचं गं दान

माझ्यातली लेक नावाड्याची आहे, चौदा वर्षांची. तेराव्या प्रकरणात तिची आई जाते. आमच्या लेखिकेनं ते प्रकरण सात वेळा लिहिलं आणि सातही वेळा चहा गार केला, असं छापखान्यात बोललं जायचं. खरंखोटं ती जाणे. एवढं खरं, की ते प्रकरण नेमकं एका तावात बसलं. सत्त्याण्णव ते एकशे बारा. एक अक्षर सांडलं नाही.

मग मी एका छोट्या वाचनालयात आले. तिथल्या वाचकांची एक गमतीची खोड होती. पुस्तक वाचून झालं की एकविसाव्या पानाच्या खाली पेन्सिलीनं आपली खूण करायची. म्हणजे विसरून तेच पुस्तक दुसऱ्यांदा घरी न्यायला नको. कुणी गोल काढी, कुणी फुली, एका आजोबांची खूण चष्मा होती. माझ्या एकविसाव्या पानावर थोड्याच वर्षांत जत्रा भरली. मला घ्यायला मुली नंबर लावायच्या. पाठीवरची थाप एवढी कौतुकाची, की माझा कणा ढिला झाला तरी मला त्याचं काही वाटलं नाही.

पण कौतुकाला ओहोटी असते, मित्रांनो. नवी चकचकीत पुस्तकं आली आणि मी खालच्या फळीवर गेले, जुन्या मासिकांच्या आडोशाला. मुखपृष्ठ गळालं, त्याबरोबर नावही गेलं. वर्षं किती गेली मोजली नाहीत. धूळ मोजता येत नाही.

मग एक दिवस कुणाचीतरी चप्पल सुटली, ती उचलायला एक मुलगी खाली वाकली आणि तिची माझी नजरानजर झाली.

ती शिंप्याची मुलगी. घरात तिला सगळे बटण म्हणायचे. वाचनालयाच्या बाईंनी नोंद करताना विचारलं, "नाव नसलेलं पुस्तक नेतेस?"

"आत नाव असेल की," बटण म्हणाली.

तिचं घर म्हणजे पुढं शिवणाचं दुकान आणि मागं दोन खोल्या. दुकानात पायाचं मशीन, कपडा कापायचं लांब टेबल, भिंतीवर मापाचे कागदी फर्मे टांगलेले. टेबलाखाली चिंध्यांचा ढीग. तिथं बसून बटण मला वाचायची. वरून कात्रीचा करकर आवाज यायचा आणि मधूनच कापडाचा एखादा कपटा माझ्या पानावर पडायचा.

दोन दिवसांत मला घराची एक गोष्ट कळली. मशीनशेजारी एक ठेंगणं स्टूल होतं. त्यावर कुणी बसायचं नाही आणि ते कुणी हलवायचंही नाही. बटणची आई त्यावर बसून काजं करायची. बटणं ज्यातून जातात ती काजं, हातानं, एकसारखी. ती जाऊन अकरा महिने झाले होते. तिच्या सगळ्या वस्तू बाबांनी एका पत्र्याच्या पेटीत भरून माळ्यावर टाकल्या होत्या. पोरीला त्रास नको म्हणून. तिचं नावही घरात निघत नव्हतं. पोरीला त्रास नको म्हणून. आणि पोरगी एकदाही रडली नव्हती. बाबांना त्रास नको म्हणून.

तिसऱ्या दिवशी बटण तेराव्या प्रकरणाशी आली.

काय सांगू! आधी एक थेंब पडला. मला वाटलं, इस्त्रीचं पाणी शिंतडलं असेल. मग दुसरा. मग टेबलाखालून असा हुंदका आला की वर कात्री थांबली. बाबा वाकून बघतात तर चिंध्यांत तोंड खुपसून पोरगी रडते आहे. रडली ती रडलीच. संध्याकाळी जेवली नाही. सकाळी डोळे पुसून पुन्हा तेच प्रकरण उघडलं. शाळेतून आल्यावर पुन्हा तेच.

आत्या तिथंच गल्लीच्या टोकाला राहायची. ती धावत आली. मला उभं-आडवं चाळून तिनं निदान केलं.

"दादा, ह्या पुस्तकात आई मरते."

"मग आणलं कशाला असलं?"

"आता पुस्तकातल्या बाईनं काय तुला विचारून मरायचं?"

"हसू नकोस गं. पोरगी अर्धी झाली दोन दिवसांत."

"मी कुठं हसते? मला मेलीला रडू येतंय," आत्या म्हणाली आणि पदराला नाक पुसून घरी गेली.

दुसऱ्या दिवशी बटण शाळेत असताना बाबांनी मला टेबलावर घेतलं. बराच वेळ माझ्याकडं बघत उभे राहिले, गिऱ्हाइकाच्या अंगावर न बसणाऱ्या सदऱ्याकडं बघावं तसे. मग स्वतःशीच, की माझ्याशी, बोलायला लागले. "फाडायचं नाही. दुसऱ्याचा माल आहे. कापायचंही नाही. पण कपडा अंगाला मोठा झाला तर आपण काय करतो? आत दुमडतो, कच्चे टाके घालतो. पोर वाढलं की सोडतो. तसंच."

पाहिलंत? वाईट हेतू औषधालाही नव्हता. सुतारानं मला खिळा मारला असता, वाण्यानं मला बरणीत घातलं असतं. हा शिंपी होता, त्यानं मला टाके घातले. सत्त्याण्णव ते एकशे बारा, आठ कागद एकत्र धरले, कडेनं निळ्या खडूची रेघ ओढली आणि पांढऱ्या दोऱ्यानं धावदोरा घातला. गाठ मारून दोरा दातानं तोडला. टाके इतके सरळ, की रागवावं की वाखाणावं मला कळेना. पाठीतली सुई मला जोडायला आली होती. ही तोंडावर आली होती.

संध्याकाळी बटणनं मला उघडलं. बारावं प्रकरण, आणि पुढं एक जाड, मुका गठ्ठा. तिनं बोट घालून पाहिलं. जाईना. तिनं टाके पाहिले. त्या घरातले टाके तिनं डोळे मिटूनसुद्धा ओळखले असते.

मला घेऊन ती मशीनसमोर उभी राहिली.

"बाबा, हे काय?"

"कच्चेच आहेत," बाबा मान वर न करता म्हणाले. "तेवढं सोडून वाच. पुढची गोष्ट कळते तरी. मी आत्याला विचारलं."

"उसव."

"बटणे, तुला त्रास होतो बाळा…"

"आईलापण असंच आत दुमडून टाकलंस ना?"

मशीनचं चाक फिरता फिरता थांबलं. बाबांनी स्टुलाकडं पाहिलं आणि नजर काढून घेतली.

"मी नाही उसवणार," ती म्हणाली. "तू घातलेस, तूच काढ. तोवर मी तुझ्याशी बोलणार नाही."

आणि ती खरंच बोलली नाही. भाकरी वाढली, पाणी दिलं, शब्द नाही. आधी त्या घरात एका माणसाबद्दल बोलायचं नव्हतं. आता कशाहीबद्दल बोलणं उरलं नाही. दुसरा दिवस तसाच गेला. तिसऱ्या दिवशी मला परत करायची तारीख होती. बाबांनी मला स्वच्छ कापडात गुंडाळलं, शाळेच्या वेळेत दुकानाला कडी लावली आणि वाचनालयाच्या बाईंपुढं अपराध्यासारखे उभे राहिले.

बाईंनी मला उघडलं. चष्मा वर केला, खाली केला.

"मास्तर, तीस वर्षांत पुस्तकाचे नाना हाल पाहिले. चहा सांडलेलं, उंदरानं खाल्लेलं. शिवलेलं हे पहिलंच."

"चुकलं माझं. इथंच उसवून देतो. डाग राहणार नाही."

"वाचलंत का आधी?"

"मी? मी फक्त मापं वाचतो, बाई."

"मग उसवा आणि वाचा. ते मोठं टेबल मोकळं आहे. सदरा अंगावर घालून न बघताच तुम्ही त्याला कधी दुमड घालता का?"

हा बाण बरोबर बसला. बाबा मुकाट्यानं बसले. खिशातून छोटी कात्री काढली आणि एकेक टाका कापला. माझ्या कागदाला खरचटूसुद्धा दिलं नाही. मग ओळीखाली बोट धरून, ओठ हलवत वाचायला लागले. एका पानाला त्यांना दहा मिनिटं लागायची. खिडकीतलं ऊन टेबलाच्या या टोकाचं त्या टोकाला गेलं.

माझ्या तेराव्या प्रकरणात, मित्रांनो, आई जाते तो भाग पहिल्या चार पानांतच संपतो. मग नावाड्याची लेक घरी येते, तिला आईची फणी सापडते आणि फणीत अडकलेला एक लांब केस. बाबांचं बोट तिथं थांबलं. डोळे पुसले. बोट पुन्हा चालू लागलं. लेक तो केस हातात धरून रडते, रडते, आणि अगदी शेवटच्या पानावर तिला आठवतं, की फणीत केस ठेवला म्हणून आई रोज तिलाच ओरडायची! "घ्या," ती फणीला म्हणते, "आता कोण कुणाला ओरडणार?" आणि आई गेल्यापासून पहिल्यांदा ती खदखदून हसते.

बाबांनी ते पान तीनदा वाचलं.

"बाई," ते म्हणाले, "पोरगी परत परत इथंच यायची. मला वाटलं, रडायला येते. ती ह्या हसण्याशी येत होती. मी तेही शिवून टाकलं."

बाईंनी माझ्यावर नवी तारीख टाकली आणि मला त्यांच्याच हातात परत दिलं.

बटण शाळेतून आली तेव्हा शिडी माळ्याला लावलेली होती आणि पत्र्याची पेटी कापायच्या टेबलावर उघडी होती. बाबा स्टुलावर बसले होते. हो, त्याच स्टुलावर. हातात आईचं अंगुस्तान होतं, शिवताना बोटात घालतात ते धातूचं टोपण. मी त्यांच्या मांडीवर उघडी, मोकळी.

"हे माझ्या बोटात जात नाही," ते म्हणाले. "बघ तुझ्या जातं का."

बटणनं बोट पुढं केलं. बसलं. जरासं सैलच.

"ती म्हणायची ते आठवतं तुला?" बाबांनी विचारलं. "घरात मी काज, पोरगी बटण…"

"…आणि तू नुसता दोरा," बटण म्हणाली. "लांबच लांब आणि सारखा गुंतणारा!"

दोघं हसले. हसता हसता रडले, आणि रडता रडता पुन्हा हसले. कोणतं कुठं संपलं आणि कुठं सुरू झालं, ते मलाही सांगता येणार नाही. तेवढ्यात आत्या डबा घेऊन आली. दारात थबकली, म्हणाली, "अरे देवा, आता दोघंही वाचायला लागले," आणि पदर डोळ्यांना लावून तिथंच उंबऱ्यात बसली. मग बटणनं तेरावं प्रकरण मोठ्यानं वाचलं, आणि मशीन ऐकत उभं राहिलं.

मित्रांनो, पुस्तकांना कव्हर घाला, पानं दुमडू नका, ओले हात लावू नका, हे तुम्हाला सगळे सांगतात. मीही सांगते. पण माझी खरी विनवणी वेगळी आहे. कुणी पुस्तक वाचता वाचता रडत असेल तर ते त्याच्या हातातून काढून घेऊ नका. शेजारी बसा. पुढच्या पानावर काय आहे, ते आपल्याला ठाऊक नसतं.

माझी भोकं बाईंनी बुजवली नाहीत. नवं मुखपृष्ठ मात्र चढवलं, आणि मी आता वरच्या फळीवर असते. कधी आलात तर माझं एकविसावं पान बघा. गोल, फुल्या, चष्मा, त्या सगळ्या गर्दीत एक बटण काढलेलं आहे, चार भोकांचं. ते मला परत करायच्या दिवशी बटणनं काढलं. आणि तिच्या हातातून मला घेऊन, तिथंच काउंटरपाशी उभं राहून, बाबांनी त्याच्या शेजारी निळ्या खडूनं एक छोटी रेघ ओढली, दोन्ही टोकांना बंद केली. काज.

"पण आईनं कुठं वाचलंय?" बटण म्हणाली.

"आपण मोठ्यानं वाचत होतो ना," बाबा म्हणाले, आणि खडू खिशात ठेवला.