घरात दोघं

वस्तीत नियम असा एकच होता, बाकी सगळं समजुतीवर चालायचं. नव्या माणसांनी रविवारच्या सभेत आपली ओळख आपल्या तोंडाने करून द्यायची. सभा भरायची सकाळी, अवजारांच्या शेडमध्ये. भिंतींना फावडी, कुदळी, कात्र्या टांगलेल्या आणि मधोमध फळांचं एक उलटं खोकं. त्या खोक्यावर उभं राहायचं आणि दोन गोष्टी सांगायच्या: घरात किती माणसं, आणि कोणाला काय काय येतं. सांगून झालं की बियाणेबाई म्हणायच्या, "ऐकलं." मग सगळे म्हणायचे, "ऐकलं." झाली ओळख. ना फॉर्म, ना सही.

बियाणेबाई म्हणजे वस्तीतल्या सगळ्यात जुन्या. सोळा घरांचं बियाणं त्यांच्याकडे पत्र्याच्या डब्यांत असायचं, म्हणून हे नाव.

तर त्या रविवारी खोक्यावर चढली ती नव्या घरातली सून. नवरा चढणार नव्हताच. चार माणसांत बोलायचं म्हटलं की त्याला घाम फुटायचा. आयुष्यभर लिफ्ट दुरुस्त केलेला माणूस, तारांशी जेवढं बोलला तेवढं माणसांशी बोलला नसेल. ती मात्र दाताच्या डॉक्टरकडे दहा वर्षं फोन घेत होती. बोलण्यात तिचा हात कोणी धरला नसता.

पण खोक्यावरून तिने समोरची माणसं पाहिली. सगळ्यांचे हात राकट, नखांत माती. कोणी मधमाश्या पाळणारं, कोणी विहिरी साफ करणारं. त्यांच्यापुढे काय सांगणार? मला फोन घेता येतो?

शेती घरात एकाच माणसाला येत होती, आणि ती होती तिची नणंद. रोपवाटिकेत काम केलेली, कलमं बांधण्यात तरबेज, शेळ्यांचं बाळंतपण झोपेत सांगितलं तरी करील अशी. ही जागा शोधून काढली तीही नणंदेनेच. सासरे गेल्यापासून ती यांच्याजवळ राहायची, आणि "वहिनी, जाऊ या गं" म्हणत तिने वर्षभर कान खाल्ले होते. आत्ता ती शेडच्या दारातच उभी होती, गाभण शेळीची दोरी हातात धरून.

आणि जागेच्या पत्रात छापलं होतं, घर दोघांसाठी.

"घरात आम्ही दोघं," वहिनी म्हणाली. "हे यंत्रांचं सगळं करतात. मी कलमं बांधते. शेळ्यांचंही बघते."

"ऐकलं," बियाणेबाई म्हणाल्या.

"ऐकलं," सगळे म्हणाले.

दारातून नणंदेचं हसू ऐकू आलं. घरी परतताना वहिनीने सारवासारव करायला तोंड उघडलं, तर तीच म्हणाली, "असू दे गं. जागा गेली असती तर? दोन महिन्यांत सगळ्यांना कळेलच. मी काय टाचणी आहे हरवायला?"

दुसऱ्या दिवशी पाववाली आली. नव्या घराला पहिले पाव तिच्याकडून जायचे. दार नणंदेने उघडलं. पाववालीने तिच्या खांद्यावरून आत पाहिलं, "आहे का घरात कोणी?" अशी हाक दिली, आणि वहिनी पुढे आल्यावर दोन पाव तिच्या हातात ठेवले. नणंद तिथेच उभी, पुढे केलेला हात तसाच.

"बाई जरा चक्रम दिसते," नणंद नंतर म्हणाली, आणि दोघी पोट धरून हसल्या.

मग सुतार आला, जेवणाच्या टेबलाचं माप घ्यायला. नणंदेने त्याला विचारलं, लाकूड कुठलं वापरणार? त्याने खिडकीबाहेर ढगांकडे बघितलं, कानामागची पेन्सिल काढली आणि दोन माणसांच्या टेबलाचं माप लिहून घेतलं. त्या वेळी कोणी हसलं नाही.

महिनाभर असंच चाललं. नणंद पाण्याच्या पाटावर भेटेल त्याच्याशी बोलायची, उत्तर यायचं नाही. तिने बांधलेली कलमं धरली, एक न् एक, आणि लोक येऊन वहिनीला म्हणायचे, "गुण आहे बुवा तुमच्या हाताला!" वहिनी मान खाली घालायची. त्यांना ते विनय वाटायचं. एकदा तिने खरं सांगून टाकायचं ठरवलं, "माझं नाही हो, नणंदेचं काम आहे," असं म्हणालीही. समोरचा मधवाला हवेतल्या गारठ्याबद्दल बोलू लागला.

वहिनीला खरा धसका बसला तो एका दुपारी. नणंद दोन्ही हातांत पाण्याच्या बादल्या घेऊन अरुंद पायवाटेने येत होती. समोरून चौघी बायका. वहिनी कुंपणाशी उभी राहून बघत होती. आता धक्का लागणार, पाणी सांडणार, मग तरी बघतील! पण चौघी एकामागून एक बाजूला झाल्या. बोलणं न थांबवता, मान न वळवता त्यांनी वाट दिली आणि पुढे गेल्या. एकीने तर जाता जाता वाटेवरची काटकी पायाने दूर केली.

म्हणजे ती दिसत होती. पहिल्या दिवसापासून सगळ्यांना दिसत होती.

त्यानंतर वहिनीला इतर घरांतलंही दिसायला लागलं. पाववालीच्या दोरीवर तीन मापांचे कपडे. ओळखीत तर घरात दोघीच सांगितलेल्या. सुताराच्या मागच्या खोलीत खिडकीशी एक म्हातारा बसलेला असायचा, करवतीला धार लावत. सुतार सगळ्यांना सांगायचा, मी एकटाच. एकदा म्हाताऱ्याने वहिनीकडे बघून हात वर केला. आणि वहिनीने काय करावं? ती ढगांकडे बघायला लागली. दहा पावलं गेल्यावर तिला कळलं, आपण काय केलं ते. तिची तिलाच शिसारी आली. पण मागे वळून तिने हात केला नाही तो नाहीच.

नणंद आता कमी बोलायची. मग बोलेनाशी झाली. जेवायला शेळ्यांकडे ताट घेऊन जायची, पुढे तिथेच अंथरूण टाकलं. टेबल तसंही दोघांचंच होतं. एके संध्याकाळी वहिनीने तिसरं ताट काढलं तर नवरा म्हणाला, "कोणी येणार आहे का?"

"असं काय करताय? तुमची बहीण!"

"हो, हो," तो घाईने म्हणाला. "मी विसरलो." आणि घास घेतला. सख्ख्या बहिणीला विसरलो म्हणताना त्याचा आवाज छत्री कुठे विसरल्यासारखा होता. वहिनी त्या दिवशी जेवली नाही. ज्या माणसाच्या जिवावर आपण इथे ताठ मानेने राहतो, ते माणूस आपल्या एका वाक्याने पुसलं जातंय, हे तिला लख्ख कळलं, आणि ती रडली.

दुसऱ्या दिवशी ती बियाणेबाईंकडे गेली. बाई वाल निवडत होत्या. किडके एका बाजूला, चांगले एका बाजूला.

"मी खोटं बोलले होते," वहिनी म्हणाली. "आम्ही तिघं आहोत."

"माहीत आहे मला. दारातच तर उभी होती. शेळी छान आहे."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "तू दोघं म्हणालीस. आम्ही ऐकलं म्हणालो. कोणाला घरातलं धरायचं नि कोणाला नाही, हे ज्याचं त्याने ठरवायचं. त्यात आम्ही नाक खुपसत नाही. इथे सगळे एकमेकांचा शब्द एवढा राखतात, म्हणून तर वस्ती टिकली बाई."

"मी उद्या परत खोक्यावर चढते. तिघं म्हणते."

"घराची ओळख एकदाच." बाईंनी एक वाल उजेडात धरून पाहिला. "तिला बोलायचं असेल तर ती बोलेल. तिची ओळख झालीच नाहीये अजून. ती उभी राहिली तर आम्ही ऐकू. आजवर असं कोणी उभं राहिलं नाही, एवढंच."

वहिनी धावतच शेळ्यांकडे आली. नणंद पिल्लाला दूध पाजत होती. वहिनीने तिचे हात धरले, माफी मागितली, पाया पडायचंच बाकी ठेवलं. "तू उद्या खोक्यावर चढ. सगळं खरं सांग. मी खोटी पडले तरी चालेल. फक्त ये परत घरात. येशील ना?"

नणंदेने हात सोडवून घेतले आणि पिल्लाला पुन्हा जवळ घेतलं. कितीतरी दिवसांत तिच्याशी इतकं कोणी बोललं नव्हतं. मग तिने मान हलवली. "उभी राहीन," ती म्हणाली. आवाज गंजल्यासारखा झाला होता.

रविवारी शेड भरली. नणंद धुतलेले कपडे घालून आली आणि कोणाला न विचारता खोक्यावर चढली. पंधरा घरांचे डोळे एकदम तिच्याकडे वळले. वहिनीचा ऊर भरून आला. झालं, सुटलो एकदाचे!

"मी नवीन," नणंद म्हणाली. "कलमं बांधते. शेळ्यांची बाळंतपणं करते. कोपऱ्यावरचं सतरावं घर रिकामं आहे, तिथे राहीन म्हणते."

"घरात किती?" बियाणेबाईंनी विचारलं.

"मी एकटी."

"मागे कोणी?"

नणंदेने शेडभर नजर फिरवली. ती भावावरून गेली, वहिनीवरून गेली, भिंतीवरच्या कात्र्यांवरून गेली, कुठे अडली नाही.

"कोणी नाही," ती म्हणाली.

"ऐकलं," बाई म्हणाल्या, आणि शेड घुमली.

माणसं नणंदेभोवती जमली. सुतार टेबलाचं विचारत होता, पाववाली तिचा हात हातात घेऊन हसत होती. नवरा वहिनीच्या कानाशी वाकला. "बरी वाटते नाही, नवी शेजारीण?"

ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. हा खरंच विसरलाय, की शब्द राखतोय, तिला कळेना. त्याच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं.

गर्दी पांगली तशी नणंद स्वतःच पुढे आली. हसून तिने हात जोडले, अनोळखी बाईला जोडतात तसे. "नमस्कार. तुमची ओळख नाही झाली. तुम्हाला काय काय येतं?"

पांगता पांगता सगळे ऐकत होते.

"मला काही येत नाही हो," वहिनी म्हणाली.

"शिकाल," नणंद म्हणाली, आणि दाराशी बांधलेली शेळी सोडून सतराव्या घराकडे निघाली. वहिनी बाजूला सरली आणि तिने तिला वाट दिली.