तपासणीपुरता रॅम्प

मित्रांनो, माझ्या अंगावर चाकांच्या काळ्या रेघा आहेत, कडेचा पिवळा रंग पार उडाला आहे आणि मधल्या फळ्यांचा रंग एकमेकींशी मुळीच जुळत नाही. तरी नाक मुरडू नका हं! मी एक जुना लाकडी रॅम्प आहे आणि या रेघा म्हणजे माझे दागिने आहेत. ते मला फार उशिरा मिळाले. कसे मिळाले, तेच तर सांगायचे आहे.

माझा जन्म एका सरकारी महाविद्यालयाच्या आवारात, अगदी घाईगडबडीत झाला. राज्यातली सगळी सरकारी महाविद्यालये आणि विद्यापीठे कशी चालली आहेत, हे पाहायला अधूनमधून एक समिती येते. ती वर्ग पाहते, प्रयोगशाळा पाहते, मुलांशी बोलते आणि शेवटी महाविद्यालयाला श्रेणी देते. तुमच्या प्रगतिपुस्तकासारखेच की! फक्त हे प्रगतिपुस्तक मोठ्या माणसांचे असते, म्हणून घाबरगुंडीही मोठी असते.

समितीच्या प्रश्नांमध्ये एक प्रश्न होता. चाकांच्या खुर्चीतून येणाऱ्यांना इमारतीत जाता येते का? आमच्या प्रयोगशाळेच्या इमारतीला तर पाच उंच पायऱ्या! प्राचार्यबाईंनी कपाळाला हात लावला आणि सुतारमामांना बोलावून घेतले.

"लांबी किती ठेवू?" मामांनी विचारले.

बाई फोनवर बोलत होत्या. त्यांनी नुसतेच सामानाचे स्टोअर सांभाळणाऱ्या काकांकडे बोट दाखवले. काका भारी टापटिपीचे. ते मापपट्टी घेऊन थेट स्टोअरमध्ये गेले आणि तिथली भिंत मोजून आले.

"एवढीच ठेवा," ते म्हणाले. "जास्त झाली तर तपासणी झाल्यावर हा ठेवायचा कुठं? माझ्या डोक्यावर?"

सगळे हसले. मामांनी तेवढ्याच लांबीच्या फळ्या कापल्या, वर रबरी पट्ट्या ठोकल्या आणि कडांना पिवळा रंग दिला. त्यात कोणाला काही वावगे वाटले नाही. मलाही नाही. मी तर स्वतःवर जाम खूश होतो!

समिती आली. तिच्यातल्या एका चष्मेवाल्या बाईंनी मला पाहून "अरे वा!" म्हटले आणि माझा फोटो काढला. महाविद्यालयाला वरची श्रेणी मिळाली. पेढे वाटावेत तशा सगळ्यांनी एकमेकांना शाबासक्या वाटल्या. त्याच संध्याकाळी काकांनी मला प्लास्टिकमध्ये गुंडाळले आणि स्टोअरमध्ये भिंतीला टेकवून उभे केले. मी तिथे कसा चपखल बसलो म्हणता!

तिथे माझ्यासारखे बरेच जण होते. तपासणीपुरते लावायचे पडदे होते, तपासणीपुरत्या कुंड्या होत्या. आम्ही सगळे पाहुण्यांचे सामान. काका रोज धूळ झटकायचे आणि कोणी जवळ आले की ओरडायचे, "ए, त्याला हात लावायचा नाही!" ते ऐकून मी असा फुगायचो! ज्याला कोणी हात लावत नाही तो फार मोठा, असे मला वाटायचे.

स्टोअरची खिडकी पायऱ्यांच्या बाजूला उघडायची. काही वर्षांनी एके दिवशी त्या खिडकीतून मला एक मुलगी दिसली. ती चाकांच्या खुर्चीत बसली होती आणि तिच्या चार मैत्रिणी ती खुर्ची उचलून पायऱ्या चढत होत्या.

"महाराणी, वजन वाढलंय तुमचं!" एक मैत्रीण धापा टाकत म्हणाली.

"माझं नाही गं, डोक्यातलं रसायनशास्त्र वाढलंय. सावकाश न्या, सांडेल!"

तेव्हापासून माझ्यासाठी ती महाराणीच झाली. रोज ती यायची, मैत्रिणी उचलायच्या, टोमणे मारायच्या, हसायच्या. मी आतून मजा बघायचो. आपला जन्म कशासाठी झाला आहे, हे मित्रांनो, तेव्हाही माझ्या लाकडी डोक्यात शिरले नाही!

मग एका सकाळी पुढच्या मैत्रिणीचा पाय घसरला. खुर्ची कलली आणि महाराणी पायरीवर आदळली. कोपर सोलवटून निघाले. ती रडली नाही, पण मैत्रिणी मात्र हमसून हमसून रडल्या. त्यानंतर त्या उचलायला घाबरू लागल्या. कधी चौघी जमायच्या, कधी नाही. जमल्या नाहीत की महाराणी खालीच राहायची आणि तिचे प्रात्यक्षिक बुडायचे. असेच चालले तर तिला परीक्षेलाच बसता येणार नव्हते.

"बाळा, विषय बदल," तिचे बाबा एकदा माझ्या खिडकीशीच म्हणाले. "ज्याचे वर्ग खाली भरतात असं काहीतरी घे."

"बाबा, विषय पायऱ्या मोजून घ्यायचा असतो का?" ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिने प्राचार्यबाईंना स्टोअरच्या दारातच गाठले. "मॅडम, तो आत उभा आहे तो रॅम्प बाहेर ठेवा ना."

"अगं, तो समितीसाठी जपून ठेवलाय," बाई म्हणाल्या. "ऊनपावसात टाकला तर कुजून जाईल. पुन्हा तपासणी तोंडावर आली आहे. श्रेणी घसरली तर आपली विज्ञान शाखाच दुसरीकडे हलवतील. मग तू काय करशील? थोडं थांब, बेटा."

"मग मलाही प्लास्टिकमध्ये गुंडाळा. समिती आली की दोघांना बरोबरच काढा!"

बाई रागावल्या नाहीत. त्यांना खरोखरच त्या शाखेची काळजी होती, झोप उडाली होती त्यांची. त्या खाली मान घालून निघून गेल्या. मला मात्र पहिल्यांदाच प्लास्टिकच्या आत गुदमरल्यासारखे झाले.

अखेर तपासणीचा दिवस उजाडला. पडदे लागले, कुंड्या मांडल्या, मला झाडूनपुसून पायऱ्यांवर बसवले. समितीत त्याच चष्मेवाल्या बाई होत्या. प्राचार्यबाईंनी महाराणीला बाजूला घेतले. "आज तू यावरून वर जाऊन दाखव हं."

"आज जाते. आणि उद्या?"

बाई लगबगीने समितीकडे गेल्या. महाराणीने खुर्ची माझ्याकडे वळवली.

आणि मित्रांनो, जन्माला आल्यापासून पहिल्यांदा माझ्या अंगावर चाक चढले! अशा गुदगुल्या झाल्या! मी मनात म्हटले, ये, महाराणी, ये! पण जरा वर येते न येते तोच तिचा वेग मंदावला. तिने दात आवळून चाके रेटली. पुढची चाके उचलली गेली आणि खुर्ची सर्रकन मागे घसरली. काकांनी धावत येऊन धरली म्हणून बरे.

माझा चढ कड्यासारखा होता! मला स्टोअरच्या भिंतीच्या मापाने कापले होते. पायऱ्यांची उंची कोणी मोजलीच नव्हती. इतकी वर्षे माझे कौतुक झाले, पण माझ्यावरून कोणी एकदाही चढून पाहिले नव्हते.

"नेहमी असंच होतं का?" चष्मेवाल्या बाईंनी विचारले.

"नेहमीचं माहीत नाही," महाराणी धापा टाकत म्हणाली. "आम्ही दोघं आज पहिल्यांदाच भेटतोय."

प्राचार्यबाई पुढे झाल्या. "ती आज जरा घाबर..." एवढे बोलून त्या थांबल्या. त्यांनी महाराणीच्या कोपरावरची खपली पाहिली होती. मग त्या हळूच म्हणाल्या, "नाही. ती घाबरलेली नाही. हा रॅम्प फक्त तुमच्यासाठी बाहेर निघतो."

चष्मेवाल्या बाईंनी माझा चढ निरखून पाहिला. "मागच्या वेळी मी याचा फोटो काढला होता," त्या म्हणाल्या. "वर जाऊन दाखवा, असं मात्र कोणाला म्हटलं नाही. चुकलंच माझं."

महाविद्यालयाची श्रेणी खाली आली. विज्ञान शाखा वाचली, पण पुढच्या वर्षी पुन्हा तपासणी, या अटीवर.

आता खरी धमाल! सुतारमामा पुन्हा आले. या वेळी महाराणी त्यांच्या समोर ठाण मांडून बसली. मामा फळ्या जोडायचे, ती चढून बघायची आणि मान हलवायची. "अजून लांब करा, मामा."

"अगं पोरी, हा काय गावापर्यंत न्यायचा आहे?"

"गावापर्यंत नको. मला एकटीला जाता येईल इथपर्यंत न्या."

मी लांबत गेलो, लांबत गेलो, शेवटी मध्ये एक वळण घेऊन पायऱ्यांच्या कितीतरी पुढे गेलो. मग एकदाची ती सरसर वर गेली. कोणी उचलले नाही, कोणी ढकलले नाही. वर पोहोचल्यावर तिने मागे वळून खाली पाहिले. मैत्रिणी टाळ्या पिटत होत्या. "महाराणी, आता आम्हाला काम काय?" "माझी पुस्तकं आणा!" ती वरून ओरडली.

संध्याकाळी सवयीप्रमाणे काका प्लास्टिक घेऊन आले. त्यांनी माझ्याकडे पाहिले, स्टोअरच्या दाराकडे पाहिले आणि डोके खाजवले. "आता हा आत जायचा कसा? ठेवू कुठं याला?"

"तुमच्या डोक्यावर, काका!" महाराणी म्हणाली.

काका इतके हसले की त्यांच्या डोळ्यांत पाणी आले. ते प्लास्टिक त्यांनी स्वतःच्या सायकलच्या सीटवर बांधून टाकले. मी त्या दिवसापासून बाहेर आहे.

ऊन लागते, पाऊस लागतो. कधी फळी सैल होते, मग मामा येऊन खिळा ठोकतात. महाराणी प्रात्यक्षिकाला बसली, परीक्षेलाही बसली. गुडघे दुखणारे सर माझ्यावरून जातात, काचसामानाची गाडी माझ्यावरून जाते. वर्षाने समिती परत आली, तेव्हा चष्मेवाल्या बाईंनी माझा फोटो काढला नाही. त्या खाली वाकल्या, चाकांच्या रेघांवरून त्यांनी बोट फिरवले आणि माझ्यावरूनच चालत वर गेल्या. श्रेणी काय मिळाली, ते मी ऐकले नाही. तेव्हा महाराणी वेगात खाली येत होती आणि तिला वळणावर सांभाळायचे होते ना!

मित्रांनो, वस्तू जपून ठेवा, असे तुम्हाला सगळेच सांगतात. माझे मात्र एक मागणे आहे. तुमच्या शाळेतही पाहुण्यांसाठी कुलपात ठेवलेले काहीतरी असेलच. ते बाहेर काढा. वापरा, मळवा, त्याच्यावर रेघा उमटू द्या. सैल झाले तर खिळा मारा. आणि ते कसे आहे हे कोणाला विचारायचेच असेल, तर ज्याला त्याची गरज आहे, त्याला आधी विचारा.

चला, थांबतो. चाकांचा आवाज येतोय.